सोंगटी मारण्याचा नियम: एक दुर्लक्षित साधन

१

पालघर तालुक्यांत, बोईसर व तारापूर यांच्या टापूंत, पाम म्हणून एक गांव आहे. टेंभी, कोळवडे, कुंभवली, सालवड, पास्थळ हीं त्याच्या आसपासचीं गांवें. जवळच तारापूरचा किल्ला आणि चिंचणीचा किनारा; खालीं दक्षिणेस शिरगांव, माहीम व केळवें. हा टापू संशोधकांस अपरिचित नाहीं. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं इ. स. १९२४ मध्यें महिकावतीची बखर छापून काढली, तेव्हांपासून उत्तर कोंकणांतील कुळें, वतनें व राजवटी यांविषयीं चर्चा चालत आली आहे. आणि वसईच्या मोहिमेचे कागद तर पेशवे दप्तरांतून विपुल बाहेर पडले आहेत. परंतु या बखरींत व कागदांत जीं माणसें भेटतात तीं सांजवेळीं पारावर बसून काय खेळत असत, हा प्रश्न आम्हीं संशोधकांनीं फारसा विचारलेला नाहीं. कारण उघड आहे. खेळाची सनद नसते, महजर नसतो, आणि कोणत्याही कुळाची वृत्ति त्यावर अवलंबून नसते. म्हणून खेळाचा कागद जपून ठेवण्याची कोणास गरज पडली नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही पटावरील खेळांपैकीं एकाच जातीचा विचार करणार आहों. समोरच्याच्या सोंगटीवरून उडी घेऊन ती मारावयाची, ही ती जात. इंग्रजांचा ड्राफ्ट, पोर्तुगीजांचा दामा, आपल्याकडील मोगल-पठाण ऊर्फ सोळा सोंगट्यांचा डाव, आणि वाघबकरीच्या डावांत वाघाची झडप, हे सर्व या जातींत येतात. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: या खेळांचा इतिहास लावतांना पट हा दुय्यम पुरावा होय, आणि सोंगटी मारण्याचा नियम हा मुख्य. पट दगडावर राहतो. नियम तोंडीं राहतो. आम्ही संग्राहक दगडाचा ठसा घेतों, त्याचें माप लिहितों, आणि ज्याच्या तोंडीं नियम आहे त्या वृद्धास न विचारतां परत येतों. यामुळें काय हानि होते तें दाखविण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

२

प्रथम खेळाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. एक मोठा चौरस काढून त्याचे चार सारखे चौरस करावे. प्रत्येक लहान चौरसांत एक अधिकाचें व एक गुणाकाराचें चिन्ह, कडेपर्यंत रेघा नेऊन, काढावें. जेथें जेथें रेघा मिळतात तें तें घर. अशीं पांच ओळींत पांच पांच, एकूण २५ घरें होतात. आतां या चौरसाच्या वरच्या व खालच्या बाजूच्या मध्यबिंदूवर टेंकलेला एकेक त्रिकोण काढावा. टोंक चौरसाकडे, पाया बाहेर. त्रिकोणांत टोंकापासून पायापर्यंत मधोमध एक रेघ व पायास समांतर एक आडवी रेघ काढिली म्हणजे प्रत्येक त्रिकोणांत नवीं सहा घरें मिळतात. २५, ६ व ६ मिळून ३७ घरांचा पट सिद्ध झाला.

प्रत्येक गड्याच्या १६ सोंगट्या. सहा त्याच्या त्रिकोणांत आणि दहा त्यालगतच्या दोन ओळींत. दोघांच्या मिळून ३२ झाल्या. मधली पांच घरांची ओळ तेवढी मोकळी राहते, आणि ३७ चा हिशेब नेमका जुळतो. सोंगटी रेघेवरून कोणत्याही दिशेस एक घर चालते. शेजारच्या घरांत शत्रूची सोंगटी असून त्याच रेघेंत तिच्यापलीकडचें घर मोकळें असेल, तर तिच्यावरून उडी घेऊन त्या घरांत बसावें व ती सोंगटी उचलावी. तेथून पुनः उडी घेतां येत असल्यास दिशा बदलूनही घेतां येते. सोंगटीस बढती नाहीं. पलीकडच्या टोंकास पोहोंचून ती राजा किंवा वजीर होत नाहीं. ज्याच्या सर्व सोंगट्या मेल्या किंवा अडकल्या तो हरला.

इ. स. १८३२ मध्यें लंडनास छापलेल्या ‘कानून-इ-इस्लाम’ या ग्रंथांत, दक्षिणेंतील मुसलमानांच्या चालीरीति सांगतांना, जाफर शरीफ व त्याचा भाषांतरकार हर्कलॉट्स यांनीं मोगल-पठाण या खेळाचें नांव दिलें आहे. पार्कर यानें इ. स. १९०९ च्या आपल्या सिंहलद्वीपावरील ग्रंथांत तिकडील सोळा शिपायांचा खेळ वर्णिला आहे. बंगालांत तोच शोलोगुटी म्हणून प्रसिद्ध आहे. नांवें निरनिराळीं, परंतु सोळांचा आंकडा सर्वत्र टिकला आहे. याचें कारण पटांतच आहे: एका बाजूचीं घरें मोजलीं कीं सोळाच भरतात. तेव्हां दगडावर असा त्रिकोणी शेपट्यांचा पट आढळला, तर सोंगट्यांची संख्या अनुमानानें सांगतां येईल. मारण्याचा नियम मात्र त्या रेघांत कोठेंही लिहिलेला नसतो.

३

हें शेवटचें विधान कांहीं उदाहरणांनीं स्पष्ट करूं. वरील पटाचे दोन्ही त्रिकोण काढून टाकले म्हणजे जो २५ घरांचा चौरस उरतो तो जगांत फार दूरवर पसरलेला आहे. कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो यानें इ. स. १२८३ मध्यें सेव्हिल येथें खेळांवर एक सचित्र पोथी तयार करविली. ती एस्कोरियलच्या ग्रंथालयांत आहे. तिच्यांत हा चौरस आलेला असून त्यावर प्रत्येकीं बारा सोंगट्यांचा डाव सांगितला आहे. मधलें एकच घर मोकळें. खेळाचें स्पॅनिश नांव ‘अल्केर्के’ हें अरबींतून आलेलें आहे, म्हणजे खेळ मुसलमानांकडून स्पेनांत गेला हें उघड आहे.

नेपाळांत याच चौरसावर बाघचाल खेळतात. तेथें चार वाघ व वीस बकऱ्या. वाघ उडी घेऊन बकरी मारतो. बकरीस मारण्याचा अधिकारच नाहीं, तिनें वाघास कोंडावयाचें. म्हणजे एका पटावर, एकाच डावांत, दोन गड्यांस दोन निराळे नियम. आपल्याकडील वाघबकरीचें तत्त्वही हेंच.

तिसरें उदाहरण समुद्रापलीकडचें, मादागास्कर बेटाचें. तेथील फानोरोना नांवाच्या खेळाचा पट म्हणजे असे दोन चौरस शेजारीं जोडून झालेला ४५ घरांचा पट होय. सोंगट्या प्रत्येकीं २२. परंतु येथें उडीच नाहीं. आपली सोंगटी शत्रूच्या सोंगटीस जाऊन भिडली, किंवा भिडलेली असतां तिच्यापासून सरळ मागें हटली, तर त्या रेघेंत सलग असलेल्या शत्रूच्या सर्व सोंगट्या मरतात. भिडून मारणें आणि हटून मारणें अशी ही दुहेरी रीति आहे. त्या बेटांत अशी आख्यायिका सांगतात कीं, रालांबो राजानें आजाराचें निमित्त करून पुत्रांस बोलाविलें असतां थोरला या डावांत गुंतून राहिला व उशिरा पोहोंचला. धाकटा वेळेवर आला व राज्य त्यास मिळालें. आख्यायिकेचें खरेंखोटें कसेंही असो, खेळाचा मान तिच्यावरून दिसतो.

आतां समजा, हे तिन्ही खेळ विसरले गेले, आणि उद्यां कोणा संशोधकास दगडावर खोदलेला केवळ २५ घरांचा चौरस सांपडला. तो आल्फोन्सोच्या बारांचा म्हणावा, चार वाघांचा म्हणावा, कीं त्रिकोण झिजून गेलेला सोळांचा म्हणावा? दगड याचें उत्तर देत नाहीं. उत्तर देऊं शकतो तो त्या गांवांत खेळणारा माणूस, आणि तोही आपण योग्य प्रश्न विचारला तर.

४

कोणी म्हणेल, उडी घेऊन मारावयाचें हें एकदां ठरलें म्हणजे आणखी विचारावयाचें काय राहिलें? पुष्कळ राहिलें. एक मांडणी घेऊन पाहूं. २५ घरांच्या चौरसांत उभ्या ओळींस डावीकडून क, ख, ग, घ, च अशीं नांवें द्यावीं व आडव्या ओळींस खालून १ ते ५ आंकडे द्यावे. आपली एकच सोंगटी मधल्या घरीं, म्हणजे ग३ वर, उरली आहे. शत्रूच्या सहा आहेत: क३, ख३, घ३, ग४, च४ व घ५. खेळी आपली आहे.

आपली सोंगटी घ३ वरून उडी घेऊन च३ वर जाते. तेथून च४ वरून च५ या कोपऱ्यांत. तेथून घ५ वरून ग५ वर. आणि तेथून ग४ वरून परत ग३ वर. चार सोंगट्या मारून ती निघाल्या घरीं आली. वाहवा करण्यासारखी खेळी! परंतु आतां घ३ हें घर मोकळें झालें आहे. ख३ वरील शत्रूची सोंगटी आपल्यावरून उडी घेऊन त्याच घरीं उतरते, आणि डाव संपतो. याच्या उलट आपण दोन सोंगट्या मारून च५ या कोपऱ्यांतच थांबलों असतों, तर कोपऱ्यापलीकडे घर नसल्यानें आपणांस कोणी मारूं शकला नसता, आणि पुढल्या खेळीस घ५ ची सोंगटी आपल्या तोंडीं राहिली असती.

मग थांबावें कीं थांबूं नये? हें गड्याच्या बुद्धीवर नसून नियमावर आहे. ‘उडी लागली तर शेवटपर्यंत घेतलीच पाहिजे’ असा नियम असेल तर वरील मांडणींत आपण हरलों. ‘मन मानेल तेथें थांबावें’ असा असेल तर तगलों. पट तोच, सोंगट्या त्याच, खेळीही तीच. एका वाक्याच्या नियमानें निकाल फिरला. म्हणून कोणत्याही वर्णनांत ‘उडी मारून मारतात’ एवढेंच लिहिलेलें असेल तर त्या वर्णनानें खेळाचें निम्मेंच स्वरूप सांगितलें असें समजावें.

युरोपांतील या खेळाचा इतिहास हाच धडा देतो. फ्रान्समध्यें सोळाव्या शतकांत मारणें सक्तीचें करण्याची चाल निघाली. तेव्हां जुन्या, ऐच्छिक रीतीस ‘आनंदाचा खेळ’ व नव्या रीतीस ‘सक्तीचा खेळ’ अशीं दोन नांवें पडलीं. सक्ति आल्यावर शत्रूपुढें मुद्दाम सोंगटी टाकून त्यास ओढून आणणें शक्य झालें, आणि डावपेंचांचें सर्व शास्त्र त्यावर उभें राहिलें. पट त्यानंतरही तोच होता. मारण्याच्या नियमानें मात्र नवा खेळ जन्मास घातला. सक्तीबरोबर दंडही आला. मारण्याजोगी सोंगटी जो मारीत नसे त्याची चुकलेली सोंगटी समोरचा गडी उचलून घेई. हा दंड पुढें अधिकृत नियमांतून गेला, पण घरगुती डावांत फार काळ टिकून राहिला.

असेच भेद अन्यत्रही आहेत. तुर्की दाम्यांत सोंगट्या तिरप्या न चालतां सरळ व आडव्या चालतात, आणि उडी घेतांघेतांच मेलेली सोंगटी उचलतात. शंभर घरांच्या आंतरराष्ट्रीय खेळांत मात्र सर्व उड्या संपल्यावर मेलेल्या एकदम उचलतात. तोंपर्यंत त्या पटावर अडसर होऊन राहतात, व त्यांच्यावरून दुसऱ्यांदा उडी घेतां येत नाहीं. इटालींत साध्या सोंगटीस राजा मारतां येत नाहीं. हॉलंडमधील फ्रीसलंडांत सोंगटी चालते तिरपी, पण मारते सर्व बाजूंस. वरवर पाहणाऱ्यास हीं सर्व एकाच खेळाचीं रूपें वाटतात. नियमांवरून पाहणाऱ्यास त्यांचीं घराणीं निरनिराळीं दिसतात.

५

हा विचार आतां तारापूरच्या टापूस लावूं. इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशहानें वसई प्रांत पोर्तुगीजांस दिला, व त्यानंतर सुमारें दोनशें वर्षें या किनाऱ्यावर त्यांचा अंमल राहिला. जानेवारी १७३९ मध्यें चिमाजी आपांच्या मोहिमेंत माहीम, केळवें, शिरगांव व तारापूर हीं स्थळें मराठ्यांनीं घेतलीं. तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत वसई शरण आली. पुढें पेशवाईच्या अखेरीस हा मुलूख इंग्रजांकडे गेला. म्हणजे ज्या ओट्यांवर देशी सोळा सोंगट्यांचा डाव मांडतां येत होता, त्याच किनाऱ्यावर दामा खेळणाऱ्या एका राष्ट्राचे शिपाई दोन शतकें किल्ल्यांत होते, आणि त्यांच्यामागून ड्राफ्ट खेळणारे इंग्रज आले.

अशा स्थळीं दोन तर्कांचा मोह होतो. एक असा कीं, उडी मारण्याचे सर्व खेळ फिरंग्यांनीं आणले. दुसरा असा कीं, फिरंग्यांनींच ते येथून नेले. दोन्ही तर्क केवळ सादृश्यावर उभे असून दोन्ही नियमांच्या कसोटीस उतरत नाहींत.

पोर्तुगालांत व स्पेनांत ज्या नियमांनीं दामा खेळतात ते असे: पट चौसष्ट चौकटींचा, सोंगट्या बारा, सोंगटी तिरपी व पुढेंच चालते, आणि पुढेंच मारते. शेवटच्या ओळीस पोहोंचली म्हणजे ती ‘दामा’, अर्थात् राणी, होते, व मग लांबवर कितीही घरें ओलांडून चालते व मारते. मारणें सक्तीचें, आणि दोन वाटा असतील तर जिच्यांत अधिक सोंगट्या मरतात तीच वाट धरली पाहिजे. स्पेनांत या खेळावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापील पुस्तकें निघालेलीं आहेत. इंग्रजी ड्राफ्टांतही बढती आहे, पण राजा एकेकच घर चालतो. मारणें सक्तीचें, पण अधिक मारण्याची सक्ति नाहीं.

सोळा सोंगट्यांचा डाव यांपैकीं एकाशींही जुळत नाहीं. तो चौकटींवर नसून रेघांच्या संगमांवर खेळला जातो. त्यांत सोंगटी आरंभापासून सर्व दिशांस चालते व मारते, आणि बढती मुळींच नाहीं. या तिन्ही गोष्टी आल्फोन्सोच्या पोथींतील बारांच्या डावाच्या जवळच्या आहेत, चौकटींच्या दाम्याच्या नव्हेत. चौकटींचा दामा हा जुन्या रेघांच्या खेळाची युरोपांत झालेली पुढची पायरी होय, असें या विषयाचे अभ्यासक मानतात. तेव्हां देशी डाव हा दाम्याचें अपत्य नव्हे. दोघांचा पूर्वज रेघांच्या खेळांत शोधिला पाहिजे. एक शाखा अरबांबरोबर पश्चिमेस जाऊन पुढें बदलली. आपल्याकडील शाखेनें पटास त्रिकोण जोडले, पण मारण्याची जुनी मोकळी रीति सोडली नाहीं.

याच कसोटीचा दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा आहे. पाम, चिंचणी किंवा माहीम येथील एखाद्या वृद्धानें सांगितलें कीं, ‘आमच्यांत जास्त सोंगट्या मरतात तीच वाट घ्यावी लागते,’ किंवा ‘पलीकडे पोहोंचली कीं सोंगटी लांब धांवते,’ तर रेघांच्या देशी पटावर परकी नियम येऊन बसला कीं काय, हें तपासण्यास तेथें जागा आहे. ‘मारावयाची विसरला तर त्याचीच सोंगटी उचलावी’ असें कोणीं सांगितलें तर इंग्रजी शाळेकडे किंवा कचेरीकडे दृष्टि वळवावी. एकटा नियम पुरेसा नाहीं, कारण मनुष्याची बुद्धि दोन ठिकाणीं एकच युक्ति शोधूं शकते. परंतु दोन-तीन नियम एकत्र आले, आणि त्यांच्याबरोबर परभाषेंतील शब्दही आला, तर तो पुरावा कोणत्याही ताम्रपटाइतका विचारार्ह होय.

६

पटाच्या भरंवशावर काल ठरविण्यांत काय धोका आहे, याचें एक प्रसिद्ध उदाहरण देणें जरूर आहे. इजिप्तांत कुर्ना येथें एक प्राचीन मंदिर आहे. त्याच्या छपराच्या शिळांवर अनेक पट ओरखडलेले आहेत. त्यांत आपला २५ घरांचा चौरसही आहे. वर उल्लेखिलेल्या पार्करनें मंदिराच्या बांधकामावरून ते पट इ. स. पूर्वीं चौदाव्या शतकाच्या सुमाराचे ठरविले, आणि पुढें अनेक ग्रंथकारांनीं तीच तिथि उतरून घेतली. परंतु त्याच शिळांवर कॉप्टिक ख्रिस्ती धाटणीचे क्रूसही ओरखडलेले आहेत. मंदिर कितीही जुनें असो, त्यावरील रेघा पुढें केव्हांही कोणीं काढलेल्या असूं शकतात. अलीकडच्या अभ्यासकांनीं म्हणूनच ती तिथि ग्राह्य धरलेली नाहीं.

आपल्याकडेही हा धडा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत पट कोरलेले आहेत; हंपीच्या देवळांच्या फरसबंदीवर तर ते ठिकठिकाणीं दिसतात. लेणें सातवाहनांच्या वेळचें म्हणून पट सातवाहनांचा ठरत नाहीं. लेण्यांत पुढें भिक्षु राहिले, पावसांत गुराखी बसले, यात्रेकरू उतरले. किल्ल्याच्या जोत्यावरील पटाचेंही तसेंच. तारापूरच्या तटांत असा एखादा पट कोणास दिसला, तर तो पोर्तुगीज शिपायानें काढिला, मराठ्यांच्या पहारेकऱ्यानें काढिला, कीं पुढल्या काळांतील मुलानें, हें तट सांगणार नाहीं. रेघा कशावरून गेल्या आहेत, कोणत्या चुन्याखालीं दबल्या आहेत, कोणती रेघ दुसरीस कापते, हें पाहून कांहीं सांगतां येईल. परंतु तेथें काय खेळत असत हें कळण्यास पुनः नियमाकडेच यावें लागेल.

७

मग लिखित साधनें काय सांगतात? संस्कृतांत खेळांची उपेक्षा झालेली नाहीं. कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला मानसोल्लास इ. स. ११३० च्या सुमाराचा. त्या वेळीं उत्तर कोंकणांत शिलाहार अपरादित्य राज्य करीत होता. त्या ग्रंथाच्या शेवटच्या विंशतींत बुद्धिबळ, फांसे, कवड्या इत्यादि राजक्रीडा सविस्तर सांगितल्या आहेत. सात शतकांनंतर, इ. स. १८७१ मध्यें, औरंगाबादचे हरिकृष्ण ज्योतिर्विद यांनीं आपल्या बृहज्ज्योतिषार्णवांत क्रीडाकौशल्य नांवाचें प्रकरण रचलें. त्यांत पटांवरील अनेक खेळ आकृत्यांसह दिले आहेत. विशेष हें कीं, राजाच्या सभेंतील क्रीडांपुरतें न थांबतां प्रचारांतील खेळांकडे एका ज्योतिषी पंडिताचें लक्ष गेलें. असे ग्रंथ थोडे आहेत, आणि त्यांच्या आकृतींपेक्षां त्यांतील मारण्याविषयींचें वाक्य अधिक बारकाईनें वाचलें पाहिजे.

पोथ्यांच्या संग्राहकांस आमची एक विनंति आहे. बाडांच्या कोऱ्या पृष्ठांवर, वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या आंतल्या बाजूस, रुमालांतील सुट्या कागदांवर लेखक मंडळी हात मोकळा करण्यास आंकडे, कोष्टकें व रेघा काढीत असत. सूचि करणारा तेवढी जागा ‘किरकोळ’ म्हणून सोडून देतो. तेथें चौरसास त्रिकोण जोडलेली आकृति दिसली तर ती यंत्र किंवा कुंडली समजून पुढें जाऊं नये, घरें मोजावीं. ३७ भरलीं तर थांबून शेजारचें मोडी अक्षर लावून पाहावें. दोन ओळींचा मजकूर असला आणि त्यांत ‘मारावी’ किंवा ‘उचलावी’ असें क्रियापद आलें, तर तो कागद एखाद्या जमाखर्चाच्या रुमालापेक्षां मोलाचा समजावा.

८

मैदानी खेळांचे नियम आपल्याकडे लिहून निघाले. खोखोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें इ. स. १९१४ च्या सुमारास बांधले, आणि त्यामुळें तो खेळ गांवोगांव टिकला. परंतु नियम बांधणें व नियम टिपणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बांधण्यांत एक रीति राहते व बाकीच्या लोपतात. टिपण्यांत सर्व राहतात. इतिहासास टिपणें हवें आहे. एकाच टापूंत वाडवळ, भंडारी, मांगेले, आगरी व वारली यांच्या रीति निरनिराळ्या निघाल्या तर त्या एक करूं नयेत; जशा सांगितल्या तशा, त्यांच्याच बोलींतील शब्दांसह, वेगवेगळ्या लिहाव्या.

टिपतांना विचारावयाचे प्रश्न आम्ही येथें देतों.

पहिला, मारणें सक्तीचें कीं ऐच्छिक?

दुसरा, मारावयाची चुकल्यास दंड आहे काय, व कोणता?

तिसरा, एका खेळींत अनेक उड्या चालतात काय, आणि मध्यें थांबतां येतें काय?

चौथा, दोन वाटा असतां अधिक मारणारी वाटच घ्यावी लागते काय?

पांचवा, मागें मारतां येतें काय, आणि तिरप्या, सरळ व आडव्या सर्व रेघांवरून येतें काय?

सहावा, मेलेली सोंगटी तत्काळ उचलतात कीं खेळी संपल्यावर?

सातवा, सोंगटीस बढती आहे काय, व बढती मिळालेली किती लांब चालते?

आठवा, वाघबकरीच्या डावांत वाघ एका खेळींत एकच बकरी मारतो कीं अनेक?

नववा, खेळास, पटास, घरास, उडीस व मेलेल्या सोंगटीस कोणते शब्द वापरतात?

आणि दहावा, सांगणाऱ्यानें हा खेळ कोणाकडून, कोठें व साधारण कोणत्या वयांत शिकला?

या दहा प्रश्नांचीं उत्तरें एका पानावर मावतात. शक्य असल्यास, वर दिलेली ग३ ची मांडणी खडे ठेवून त्या गृहस्थापुढें मांडावी व ‘आतां काय कराल?’ एवढेंच विचारावें. नियम तोंडानें सांगतांना माणूस चुकतो. खडे पुढें असले म्हणजे हात चुकत नाहीं.

हें काम आतांच कां करावें, हेंही सांगितलें पाहिजे. तारापूरचें अणुविद्युत् केंद्र इ. स. १९६९ मध्यें सुरू झालें. पाम व त्याच्या शेजारच्या गांवांस लागून मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढें केंद्राच्या विस्तारासाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें मूळ जागेवरून उठून दुसरीकडे वसलीं. इ. स. २०१४ च्या १ ऑगस्ट रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या घडामोडींविषयीं बरें-वाईट मत देण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु गांव उठतें तेव्हां काय होतें याचा संग्राहकानें विचार करावा. सातबाराचे उतारे लोक बरोबर नेतात, देव नेतात, भांडींकुंडीं नेतात. ओट्यावरची फरशी मागें राहते, आणि तिच्यावर रेघा असल्या तर त्याही राहतात. नियम सांगणारा वृद्ध नव्या घरीं जातो खरा, पण तेथें पार नसतो, समोर बसणारा जुना गडी नसतो, आणि नातवाच्या हातीं दुसराच खेळ असतो. एका पिढींत नियम जातो. त्यानंतर कोणी ती फरशी उचलून वस्तुसंग्रहालयांत आणली, तरी तिच्याखालीं ‘एक पट’ एवढेंच लिहितां येईल.

असो. उत्तर कोंकणच्या इतिहासांत किल्ले कोणीं घेतले व केव्हां घेतले, हें आतां बरेंच निश्चित झालें आहे. त्या किल्ल्यांच्या सावलींत लोक कसे रमत, हें निश्चित करणें अजून आमच्या हातीं आहे. आमचे वाचक पालघर, बोईसर, डहाणू, वसई या बाजूस राहत असतील किंवा तिकडे त्यांचें जाणें होत असेल, तर त्यांनीं वरील दहा प्रश्न बरोबर न्यावे व उत्तरें मंडळाकडे पाठवावीं. पट सांपडला नाहीं तरी चालेल. तो जमिनीवर कोळशानें पुनः काढितां येतो.